मरेपर्यंत बंद

बोस्टन कॉलेजचं बर्न्स ग्रंथालय आयरिश साहित्याच्या संग्रहासाठी नावाजलेलं आहे. २००१ पासून पुढची काही वर्षं तिथे एक निराळाच ऐवज येऊन पडत होता. उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात ज्यांनी बंदुका चालवल्या, बॉम्ब ठेवले, माणसं उचलून नेली, त्यांच्या मुलाखतींच्या टेपा आणि त्या टेपांवरून उतरवून घेतलेला मजकूर. बोलणाऱ्यांत आयरिश रिपब्लिकन आर्मीचे, म्हणजे आयआरएचे माजी सदस्य होते. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या, ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंट गटांतले लोकही होते. सगळे मिळून चाळीसहून अधिक. त्यांची ओळख इंग्रजी अक्षरांच्या आड झाकलेली होती आणि अट एकच होती: बोलणारा मरेपर्यंत टेप बंद राहील.

कल्पना उत्तम होती, हे आधीच सांगून टाकतो. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने युद्ध थांबलं होतं. साडेतीन हजारांवर माणसं मेली होती आणि मारणारे आता म्हातारे होत चालले होते. त्यांच्याबरोबर त्यांची आठवणही जाणार होती. सरकारची दफ्तरं बंद होती आणि आयआरएसारखी संघटना कागद ठेवतच नाही. बाहेर अवाक्षर काढायचं नाही हा तिचा नियम, आणि फितुराला शिक्षा गोळी. करार झाला, कैदी सुटले, कालचे बंडखोर मंत्री झाले, तरी तो नियम कुणी मागे घेतला नव्हता. अशा माणसांसमोर एखादा परका प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन बसला असता तर त्याला चहा मिळाला असता, माहिती मिळाली नसती.

म्हणून मुलाखतकार घरातलेच निवडले. प्रकल्पाचे प्रमुख होते एड मलोनी, आयआरएवर वर्षानुवर्षं बातमीदारी केलेले पत्रकार. आयआरएच्या लोकांशी बोलले अँथनी मॅकइंटायर. हे स्वतः त्या संघटनेतले, खुनाच्या गुन्ह्यात अठरा वर्षं तुरुंगात काढलेले, आणि सुटल्यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले. दुसऱ्या बाजूच्या मुलाखती विल्सन मॅकआर्थर यांनी घेतल्या. दार उघडलं ते या माणसांमुळे. पण मॅकइंटायर हे आयआरएशी जोडलेल्या राजकीय चळवळीच्या नेतृत्वाचे, म्हणजे गेरी अॅडम्स यांच्या धोरणाचे उघड टीकाकार होते आणि त्यांच्याकडे मोकळेपणाने बोलणाऱ्यांत त्या धोरणाने दुखावलेले लोक बरेच होते. जो विश्वासातला असतो तो तटस्थ नसतो. या क्षेत्रातला हा पेच पहिल्या टेपेपासूनच हजर होता, फक्त तेव्हा तो कुणाला टोचला नाही.

टोचला तो करारातला एक तुकडा. कॉलेज आणि मलोनी यांच्यात जो करार झाला त्यात गुप्ततेच्या हमीला एक शेपूट होतं: अमेरिकी कायदा परवानगी देईल तिथपर्यंत. मुलाखत देणाऱ्यांकडून जो कागद सही करून घेतला त्यात हे शेपूट नव्हतं. तिथे सरळ म्हटलं होतं की हयातीत टेप खुली करायची की नाही हे सर्वस्वी ज्याने ती दिली त्याच्या हाती राहील. बेलफास्टमधल्या घरात बसून ज्याने सही केली त्याला वाटलं की अटलांटिकपलीकडचं एक श्रीमंत विद्यापीठ आपल्या पाठीशी उभं आहे. प्रत्यक्षात त्याच्या पाठीशी होता एक कागद. कॉलेजकडे वकील होते, पण हा कागद त्यांच्या नजरेखालून नीट गेला असता तर तो तसा राहिलाच नसता. इतिहास विभागही यात नव्हता. पुढे गोंधळ झाल्यावर त्या विभागाने हा प्रकल्प आमचा नव्हेच असं जाहीर करून हात झटकले.

२००७ मध्ये निष्ठावादी नेते डेव्हिड एर्विन वारले आणि २००८ मध्ये आयआरएचे बेलफास्टमधले जुने कमांडर ब्रेंडन ह्यूज. अट पूर्ण झाली. २०१० मध्ये मलोनी यांनी दोघांच्या टेपांवर आधारलेलं पुस्तक काढलं. ह्यूज यांनी त्यात जीन मॅकॉनव्हिल प्रकरणाबद्दल सांगितलं होतं. ही दहा मुलांची विधवा आई. १९७२ च्या डिसेंबरात आयआरएने तिला खबरी ठरवून बेलफास्टमधल्या तिच्या घरातून मुलांदेखत नेलं, मारलं आणि पुरलं. मृतदेह सापडला २००३ मध्ये, लाउथ परगण्यातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर. तिला नाहीसं करण्याचा हुकूम अॅडम्स यांचा होता असं ह्यूज यांचं म्हणणं. अॅडम्स यांनी ते कायम नाकारलं आहे, आणि आपण आयआरएत कधी होतोच हेही.

पुस्तक म्हणजे पोलिसांना दिलेला पत्ताच ठरला. अशा टेपा आहेत, त्या अमुक ग्रंथालयात आहेत, हे आता छापील होतं. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात गुन्ह्यांच्या तपासात एकमेकांना मदत करण्याचा करार आहे. त्याचा आधार घेऊन २०११ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने कॉलेजवर समन्स बजावलं. आधी ह्यूज आणि आयआरएच्याच माजी सदस्य डोलर्स प्राइस या दोघांच्या मुलाखती मागितल्या, ऑगस्टमध्ये मॅकॉनव्हिल प्रकरणाशी संबंध असलेलं सगळंच. जिल्हा न्यायाधीश विल्यम यंग यांनी यातल्या कोणत्या टेपा प्रस्तुत आहेत असं विचारलं, तेव्हा ग्रंथपालांनी त्या आपण वाचलेल्याच नाहीत असं सांगितलं. मग न्यायाधीशांनी स्वतः बसून त्या वाचल्या. पुढे अपील न्यायालयाने १९७२ च्या ब्रँझबर्ग खटल्याचा दाखला दिला: फौजदारी तपासात साक्ष द्यायला पत्रकारालाही नकार देता येत नाही, मग संशोधकाची काय कथा. २०१३ मध्ये ८५ मुलाखतींपैकी ११ देण्यावर गोष्ट थांबली. त्या बेलफास्टला पोचल्या. ३० एप्रिल २०१४ रोजी अॅडम्स यांना अटक झाली, चार दिवस चौकशी झाली आणि आरोप न ठेवता त्यांना सोडलं गेलं.

एवढ्याशा टेपांसाठी दोन देशांची यंत्रणा का हलली हे पोलिसांच्या बाजूने समजायला सोपं आहे. अभ्यासकाच्या बाजूने समजून घ्यायचं तर या विषयाची गरिबी पाहावी लागते. गरिबी पुस्तकांची नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर दहशतवादावरच्या पुस्तकांचा आणि लेखांचा पूर आला. पण त्या आधीच्या दशकातले लेख तपासून मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू सिल्क यांनी दाखवून दिलं होतं की ८० टक्क्यांहून अधिक संशोधन दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर, नियतकालिकांवर आणि बातम्यांवर उभं आहे. म्हणजे एकाने दुसऱ्याचं वाचलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि मुळाशी कुठे तरी एका वार्ताहराने ऐकलेली गोष्ट. शिवाय बहुतेक लेखक या विषयावर आयुष्यात एकदाच लिहून निघून जाणारे. डच अभ्यासक बार्ट स्खुर्मान यांनी २००७ ते २०१६ या काळातले तीन हजारांहून अधिक लेख तपासले तेव्हा चित्र बरंच सुधारलेलं दिसलं. निम्म्याहून अधिक लेखांत स्वतः गोळा केलेली माहिती होती. एकदाच येऊन जाणारे लेखक मात्र तसेच राहिले.

व्याख्येचा घोळ मी इथे फार वाढवत नाही. अॅलेक्स श्मिड आणि अल्बर्ट याँगमन यांनी १९८८ मध्ये १०९ व्याख्या गोळा केल्या होत्या आणि त्या सगळ्यांत समान असा एकही घटक सापडला नव्हता. 'हिंसा' हा शब्दसुद्धा प्रत्येक व्याख्येत नव्हता. वाद खरा आहे, पण तो सोडवल्याने बेलफास्टची टेप मिळत नाही.

मार्क सेजमन हे मानसोपचारतज्ज्ञ आधी सीआयएत होते, नंतर विद्यापीठात आले. २०१४ मध्ये त्यांनी एका गाजलेल्या लेखात तक्रार मांडली की हा विषय साचला आहे, कारण गुप्तचर खात्यांकडे माहिती आहे पण तिच्याकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची पद्धत नाही, आणि विद्यापीठांकडे पद्धत आहे पण माहिती नाही. बऱ्याच सहकाऱ्यांना ते पटलं नाही, त्यांनी त्याच नियतकालिकात उत्तरं दिली. मला वाटतं, दोघांकडे काय आहे याचं सेजमन यांचं वर्णन बरोबर होतं, फक्त खात्यांची माहिती हाती आली की प्रश्न सुटेल ही त्यांची आशा भाबडी होती. खात्याची फाइल अभ्यासासाठी लिहिलेली नसते. ती कुणाला तरी पकडण्यासाठी किंवा कुणाला तरी सोडल्याचं समर्थन करण्यासाठी लिहिलेली असते.

मग निदान मोजणी तरी करता येईल का? मोजली आहे. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवाद माहितीसंच हा या क्षेत्राचा पाया मानला जातो. १९७० पासूनच्या दोन लाखांवर घटना त्यात आहेत आणि वर्तमानपत्रांतले जगाचे रंगीत नकाशे बहुधा त्यातूनच निघतात. त्याचा पूर्वार्ध कुठून आला? पिंकर्टन ही जुनी खासगी गुप्तहेर कंपनी. परदेशात धंदा करणाऱ्या गिऱ्हाइकांना धोक्याची कल्पना देण्यासाठी तिच्या एका शाखेने १९७० ते १९९७ या काळातल्या हल्ल्यांच्या नोंदी कार्डांवर केल्या होत्या. गॅरी लाफ्री आणि लॉरा दुगान या अभ्यासकांना ती खोकी मिळाली आणि विद्यार्थ्यांकडून त्यांनी ती संगणकात भरून घेतली. सगळी वर्षं मिळाली, एक सोडून. कार्यालय हलवताना १९९३ ची कार्डं गहाळ झाली होती.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, दादर, वरळी. २५७ माणसं मेली. जगातल्या या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या माहितीसंचाच्या मुख्य तक्त्यात ते वर्षच नाही. नंतर जमतील तेवढ्या घटना शोधून एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या गेल्या, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं आहे. पण आलेख काढणारे टिपा वाचत नाहीत. हीच गत पुढच्या काळाची. १९९८ नंतरच्या नोंदी वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या रीतीने केल्या, २०१२ च्या सुमारास संगणक लाखो बातम्या चाळू लागला, आणि आकडा एकदम उसळला. त्यातली किती वाढ हिंसेची आणि किती मोजणाऱ्याची, हे ज्यांनी मोजलं ते स्वतः सांगतात त्यापेक्षा ज्यांनी नकाशे छापले ते कितीतरी जास्त खात्रीने सांगत होते.

काय मोजायचं नाही हेही आधीच ठरलेलं असतं. या संचात फक्त बिगरसरकारी माणसांनी केलेली हिंसा येते. २२ एप्रिल २०१८ ला गडचिरोलीत कसनासूर-बोरियाजवळ पोलिसांनी चकमकीत नक्षलवादी मारले; आधी सोळा सांगितले, मग इंद्रावती नदीत आणखी मृतदेह सापडले, आणि त्या दोन दिवसांचा आकडा चाळीसवर गेला. गट्टेपल्लीच्या गावकऱ्यांचं म्हणणं होतं की गावची मुलं लग्नाला म्हणून निघाली होती. पोलिसांचं म्हणणं ती नक्षलवाद्यांच्या दलात नव्याने भरती झाली होती. अशा घटनेला त्या तक्त्यात रकानाच नाही. आणि असता तरी भरणारा काय भरणार? त्याच्यापुढे पोलिसांचं पत्रक आणि त्यावरून केलेली बातमी. भामरागडच्या पलीकडे जाऊन दोन्ही बाजूंना विचारणारा अभ्यासक विरळा, आणि गेला तर त्याचं काय होतं ते पुढे येतं आहे.

थेट माणसांशी बोलायचं तर सर्वात सोपी जागा तुरुंग. तेल अवीव विद्यापीठाचे एरियल मेरारी यांनी इस्रायली तुरुंगांत १५ अशा पॅलेस्टिनी तरुणांची तपासणी केली जे आत्मघाती हल्ल्याला निघाले होते पण जिवंत सापडले. तुलनेसाठी त्यांनी १२ इतर कैदी घेतले आणि असे हल्ले घडवून आणणारे १४ जण. आत्मघातकी तरुणांत खचलेली, दुसऱ्यावर अवलंबून राहणारी मनं जास्त आढळली असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर झोड उठली. ज्यांचा हल्ला फसला तेच या तपासणीत होते. ज्यांचा साधला ते बोलायला उरत नाहीत. शत्रूच्या तुरुंगात शत्रूच्या मानसशास्त्रज्ञापुढे माणूस खचलेला दिसला तर तो आधीपासून खचलेला होता की तुरुंगाने खचवला? तरीही मी म्हणेन की १५ माणसांशी बोललेला तो अभ्यास, कुणाशीच न बोललेल्या शेकडो निबंधांपेक्षा वजनदार आहे. त्याच्याशी भांडता तरी येतं.

आणि आपल्या २६/११ चं पाहा. त्या हल्ल्याबद्दल जगाला जे तपशीलवार ठाऊक आहे ते मुख्यतः ध्वनिमुद्रित फोन संभाषणांतून, कसाबच्या खटल्यातून आणि डेव्हिड हेडलीने शिकागोत आणि नंतर मुंबईच्या न्यायालयात दिलेल्या साक्षीतून. हेडली अमेरिकी सरकारशी तडजोड करून बोलत होता. आपला फास सुटावा म्हणून बोलणाऱ्याचं बोलणं हाच मोठा आधार.

अभ्यासकाच्या वाट्याला काय येतं? समाजशास्त्राचे विद्यार्थी रिक स्कार्स वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पीएचडी करत होते आणि जहाल पर्यावरण चळवळीवर संशोधन करत होते. प्रयोगशाळेवरच्या हल्ल्याचा तपास करणाऱ्या ज्युरीपुढे त्यांनी मुलाखतींतलं सांगायला नकार दिला आणि १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात काढले. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. इंग्लंडमध्ये २००८ साली नॉटिंगहॅम विद्यापीठाचे विद्यार्थी रिझवान साबीर यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली जवळपास आठवडाभर डांबलं, कारण अभ्यासासाठी त्यांनी अल कायदाची एक प्रशिक्षणपुस्तिका उतरवून घेतली होती. ती होती अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर. पोलिसांना कळवलं विद्यापीठानेच. तीन वर्षांनी पोलिसांनी २०,००० पौंड देऊन प्रकरण मिटवलं. तिथलेच दहशतवादाचे अध्यापक रॉड थॉर्नटन यांनी या कारभारावर लेख लिहिला तेव्हा ते निलंबित झाले. ब्रिटनने २०१९ मध्ये कायद्यात बदल करून शैक्षणिक संशोधन हे असं साहित्य बाळगण्याचं रास्त कारण ठरू शकतं असं स्पष्ट केलं, पण त्याच कायद्याने ते नुसतं पडद्यावर पाहणंही गुन्ह्याच्या कक्षेत आणलं.

आणि इंद्रावतीपलीकडे? दिल्ली विद्यापीठाच्या नंदिनी सुंदर यांनी दोन दशकांहून अधिक काळ बस्तरचा अभ्यास केला आहे. सरकारच्या पाठबळाने नक्षलवाद्यांविरुद्ध उभ्या केलेल्या सलवा जुडूमविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. २०१६ च्या नोव्हेंबरात छत्तीसगड पोलिसांनी एका आदिवासी गावकऱ्याच्या खुनाच्या गुन्ह्यात त्यांचं आणि इतर काही जणांचं नाव घातलं. पुरावा काहीच नाही म्हणून २०१९ मध्ये ते वगळलं गेलं. मधली वर्षं कोण परत देणार हा प्रश्न निरर्थक आहे. खरा परिणाम त्या तरुण विद्यार्थ्यावर होतो ज्याने हे वाचलं आणि प्रबंधासाठी दुसरा जिल्हा निवडला. तो कुठल्याच नोंदीत येत नाही.

बेलफास्टच्या टेपांवर उभा राहिलेला मोठा खटला आयव्हर बेल यांच्यावरचा. आयआरएचे हे जुने नेते टेपांमधले 'झेड' आहेत असं सरकारचं म्हणणं, आणि मॅकॉनव्हिल यांच्या खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप. २०१९ मध्ये खटला उभा राहिला तोवर बेल यांना स्मृतिभ्रंश झाला होता. न्यायमूर्ती ओहारा यांनी टेपा पुरावा म्हणून स्वीकारायला नकार दिला आणि बेल सुटले. कारणं वाचण्यासारखी आहेत. मुलाखतकाराचा अॅडम्स यांच्यावरचा राग त्यांना स्पष्ट दिसला. शिवाय गुप्ततेचं वचन दिलेला माणूस खरं बोलायला मोकळा असतो, तसाच खोटं बोलायला, फुगवायला, दुसऱ्यावर ढकलायलाही मोकळा असतो, असा त्यांचा युक्तिवाद.

या युक्तिवादाशी मी बराच झगडलो. इतिहासकाराच्या लेखी मरेपर्यंतच्या गुप्ततेमुळेच टेपेला किंमत आली. न्यायाधीशाच्या लेखी त्याच गुप्ततेमुळे ती कवडीमोल झाली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. न्यायाधीशाला एका माणसाला शिक्षा करायची असते, म्हणून एका वाक्यावर भार टाकताना त्याला शंका चालत नाही. इतिहासकार चाळीस माणसांची बोलणी एकमेकांवर घासून पाहतो. त्यातल्या खोट्यालाही त्याच्या लेखी अर्थ असतो, कारण कोण कशाबद्दल खोटं बोलतो हीसुद्धा माहितीच. पण त्यासाठी चाळीसही जणांच्या टेपा समोर हव्यात, आणि पोलिसांना हवा असतो त्यातला निवडक भाग. बेलफास्टमध्ये नेमकं तेच घडलं: अभ्यासकांच्या हाती पूर्ण संच पडण्याआधी टेपा तपासाच्या फाइलमध्ये गेल्या आणि तिथे निरुपयोगी ठरल्या.

ओहारांची शंका पोकळ नव्हती, हे दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'कॅलिफेट' या २०१८ च्या गाजलेल्या ध्वनिमालिकेत कॅनडातल्या एका तरुणाने सीरियात इस्लामिक स्टेटसाठी आपण माणसं मारल्याचं सांगितलं होतं. २०२० मध्ये त्याची गोष्ट टिकणारी नाही हे वृत्तपत्राला कबूल करावं लागलं आणि मिळालेला पीबॉडी पुरस्कार परत करावा लागला. माणसं गुन्हा लपवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. न केलेला गुन्हा मिरवतात, हे ऐकणाऱ्याला सुचत नाही, कारण त्यालाही तो हवा असतो.

या सगळ्यात मॅकॉनव्हिल यांची दहा मुलं राहून जातात. आईला नेलं तेव्हा त्यांची वाटणी अनाथाश्रमांत झाली. संशोधनाची गुप्तता पवित्र आहे असं म्हणणाऱ्याने हे त्यांच्यासमोर म्हणून पाहावं. तिच्या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. टेपा दिल्यानेही नाही, आणि दिल्या नसत्या तरी झाली असती असं नाही.

२०१४ मध्ये बोस्टन कॉलेजने मुलाखती देणाऱ्यांना त्या परत नेण्याची मुभा दिली. पोलिसांनी पुढे मॅकइंटायर यांनी स्वतः दिलेली मुलाखतही मागितली. इतरत्र अशा विषयावर काम करणारे आता बोलणं सुरू होण्याआधीच समोरच्याला बजावतात की ज्या गुन्ह्याचा निकाल लागलेला नाही त्याबद्दल काही सांगू नका, नावं घेऊ नका, तारखा घेऊ नका. काही जण मजकूर उतरवून झाला की मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकतात. त्याच वेळी राज्यशास्त्राची नियतकालिकं लेखकांना सांगू लागली आहेत की निष्कर्षांबरोबर कच्ची माहितीही जमा करा, म्हणजे दुसऱ्याला ती ताडून पाहता येईल.